मंजुश्रीचं माप

घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या ढिगातून एक चमचा आपणहून घसरला आणि मोरीच्या फरशीवर वाजला. तेवढाच आवाज. दुपारच्या त्या वेळी आमच्या गल्लीत काही वाजत नाही. पाण्याचा टँकर येऊन गेलेला असतो, डाळमिलची पाळी सुटायला अवकाश असतो, समोरच्या घरातल्या टीव्हीतल्या बायकाही भांडून थकल्यासारख्या गप्प असतात. शिवू माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली होती. चमच्यानं ती हलली, झोपेतच ओठ चोखले, पण उठली नाही. मी श्वास धरून बसले. लेकरू उठत नाही हे कळेपर्यंत आई असाच श्वास धरून बसते, आणि तेवढ्यात तिला तिचं स्वतःचं असं जे काही असतं ते आठवून जातं. मला फोन आठवला. मघाशी तो उशीखाली थरथरला होता. बोटानं हळूच ओढून घेतला. मंजुश्री. "पाठवतेय. हसू नका हं," आणि त्याखाली मापं. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीची गोलाई, पाठीची उंची. शाळेतल्या हुशार मुलीनं लिहावीत तशी एकाखाली एक. आणि सगळ्यात शेवटी, "टक्स कुठं घ्यायचे ते मला माहीत नाही. ते तुम्हीच ठरवा."

मापं मी एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. आकडे वाचता वाचता माणूस दिसायला लागतं ही माझी खोड आहे. कुणाचं बाळंतपण नुकतं झालंय, कोण डाव्या कडेवर लेकरू घेते, कोण शिलाईचं काम करून पुढं वाकली आहे, हे मला मापाचं ब्लाउज हातात घेतलं की कळतं. पण मंजुश्रीकडे मापाचं ब्लाउज नव्हतंच. इतके दिवस मी मागत होते आणि ती टाळत होती, "जुनं घट्ट झालंय", "पावसात भिजलं", "पुढच्या आठवड्यात देते कुणाजवळ तरी." आता आकड्यांतून जे दिसत होतं त्याची पाठ रुंद होती, खांदे बाहेर आलेले, आणि छातीपासून कंबरेपर्यंत एक सरळ रेघ, दाराच्या चौकटीसारखी. मला आधी वाटलं, हिनं भावाचं माप पाठवलं चुकून. मग वाटलं, चुकून नाही. मग काहीच वाटलं नाही, फक्त शिवूच्या पायाचं वजन मांडीवर जाणवत राहिलं, आणि कानात कधीचा तो चमचा.

मंजुश्रीला मी बघितलं होतं ते फोनमध्ये, चित्रातच. तिच्या पेजवर तिचा फोटो नाही, अवतार आहे, ॲपमध्ये बनवतात तसा. पण तिनं तो इतका मन लावून बनवला आहे की ॲपवाल्यांनासुद्धा ओळखू यायचा नाही. सावळा रंग, मोठे डोळे, कपाळावर विभूतीच्या तीन बारीक रेघा, गळ्यात दोऱ्यात आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग, अंबाड्यावर अबोली. साड्या ती स्वतः बोटानं रंगवते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तिनं मंजुश्रीला ज्वारीच्या रानात उभं केलं होतं, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, तो घडा तोलताना एक टाच उचललेली, इरकलचा काठ ज्वारीच्या पानाला लागतोय न लागतोय असा. ते बघून मला मुरूडचं आमचं रान आठवलं आणि त्या दिवशी रानात शिजणाऱ्या भज्जीचा वास आला, फोनमधून. तिनं आधी मला लिहिलं होतं ते एका ब्लाउजच्या पाठीबद्दल. बेलाची पानं काढली होती मी आरीच्या सुईनं. तिनं लिहिलं, "तिसरं पान थोडं वाकडं गेलंय ना? तेवढ्यानंच सगळी नक्षी जिवंत झाली." कुणी चांगलं म्हणतं, कुणी भाव विचारतं, वाकडं पान कुणी बघत नाही. मी तिला लिहिलं, शिवूनं धक्का दिला होता मधेच. ती म्हणाली, मग शिवूला मजुरी द्या अर्धी. असं सुरू झालं.

अवतार तर माझाही आहे. "वर्षाराणी आरी वर्क" असं पेज काढायचं ठरलं तेव्हा सासूबाईंची एकच अट होती. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "धंदा कर, शिव, काय करायचं ते कर. पर तोंड दाखवू नको बाई त्याच्यात. गंजगोलाईच्या बाजारात कुणी बी उठून वळखायला नको." मग अमरेशनीच एका संध्याकाळी डाळमिलमधून आल्यावर चहा पीत पीत माझं तोंड बनवलं. नवऱ्यानं बायकोचं तोंड बनवायचं, म्हणजे त्यांनाही मजा वाटत होती. "नाक कसलं ठेवू? तुझ्यासारखं ठेवलं तर गिऱ्हाईक येणार नाही." केस मी माझ्या हातानं निवडले. मानेपर्यंतचे. मुरूडला नववीत असताना मी एकदा तसे कापून घेतले होते आणि आईनं लाटणं मोडेपर्यंत मारलं होतं. ॲपमध्ये मंगळसूत्र नव्हतं. अमरेश म्हणाले, "बघ, बिनलग्नाची केली तुला," आणि हसले. मीही हसले. नंतर एकटी असताना मी त्या तोंडाकडे बराच वेळ बघत बसले. ती मी नव्हते. पण माझ्यातलं जे घरात कुणालाच लागत नव्हतं, ते तिच्या उपयोगी पडलं होतं.

मंजुश्री आणि मी दुपारी बोलायचो, लिहूनच. तिनं कधी आवाज पाठवला नाही, मी कधी मागितला नाही. माझ्या घरातही दुपारी बोलता येत नाही, शिवू उठते. ती नांदेडला लग्नाच्या अल्बमांचं काम करते एका स्टुडिओत. "दिवसभर नवरीचे दंड बारीक करायचे आन् काकालोकांच्या टकलावर केस लावायचे. सगळ्या दुनियेला देखणं करून झालं की घरी येऊन मंजुश्रीला आंघोळ घालते," असं लिहायची. स्वतःला नाव घेऊन बोलायची ती, लहान पोरं बोलतात तसं. शिवूला ती मावशी झाली. आज मंजुमावशीला कुठला रंग, हे शिवू ठरवायची; पोपटी म्हटलं की संध्याकाळपर्यंत पोपटी साडी नेसून मावशी फोनमध्ये हजर. शिवू फोनला हात लावून बघायची, साडी मऊ आहे का.

आणि आत्यांनी तर तिला खरीच मानली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या, दुसऱ्याचं राहिलंय. एकदा माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी फोन बघितला.

"कुणाची गं ही?"

"नांदेडची आहे एक. मंजुश्री."

"डोळे लई मोठे हायत पोरीचे. गळ्यात लिंग हाय, आपल्यातलीच दिसती. कुठं दिली?"

हा फोटो नाही, चित्र आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण चित्र म्हटलं की मग खरी कशी दिसते ते आलं, आणि ते मलाही माहीत नव्हतं. अजून दिली नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी रेणापूर-उदगीरची स्थळं काढली असती. म्हणून म्हणाले, "नांदेडलाच." झालं. आत्यांना पोटची लेक नाही. ज्या घरात लेक नसते त्या घरातल्या बाईला दुसऱ्याच्या लेकी दुरूनही दिसतात. त्या दिवसापासून भाजी निवडताना, लिंगपूजा आटपून हाताची विभूती पुसताना त्या मधेच विचारायच्या, "ती नांदेडची काय म्हणती? नवरा नीट हाय का तिचा?" आणि मी हो म्हणायची. हो म्हणता म्हणता मलाही एक नवरा दिसायला लागला होता मंजुश्रीचा, कमी बोलणारा, तिच्या रंगांच्या मधे मधे न करणारा.

मापं वाचल्यावर किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोन पुन्हा थरथरला.

"कळलं ना तुम्हाला?"

आणि लगेच, "मला माहीत होतं मापं पाठवली की कळणार. म्हणूनच पाठवत नव्हते."

मला मुरूडचं जन्नतबींचं घर आठवलं. आरी मी तिथं शिकले. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्याच्याभोवती आम्ही पोरी, आणि जन्नतबी मधे बसून सगळ्यांच्या सुयांवर नजर ठेवायच्या. त्यांची सदफ माझ्या वर्गातली. माप घ्यायला शिकायचं म्हणून ती माझ्यावरच सराव करायची. "हिलू नक्को गे," म्हणायची, आणि टेप माझ्या पाठीमागून फिरवून आणताना तिचे दोन्ही हात माझ्याभोवती यायचे, क्षणभर, तेवढाच टेप पुढं येईपर्यंतचा वेळ. तिच्या बोटांना ओल्या मेंदीचा वास. मी श्वास धरून उभी राहायची. ती म्हणायची, "सास सोड, नाहीतर माप गलत येतंय." मी सोडला की आकडा बदलायचा. त्या गोष्टीला नाव नव्हतं. आणि नाव नव्हतं म्हणून ती माझी होती की नव्हती हेही कधी कळलं नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या ओढणीचा काठ मी केला आणि सुई बोटात इतकी खोल गेली की जन्नतबी ओरडल्या. मग माझं लग्न ठरलं. मग शिवू. अमरेश चांगले आहेत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. फक्त त्या दुपारी मंजुश्रीची मापं वाचताना मला कळलं की ही बाई, कुठल्या तरी खोलीत दार लावून, स्वतःच्या पाठीमागून स्वतःच टेप फिरवून आणत होती. ते किती अवघड असतं. हात पोचत नाहीत. टेप मागं घसरते, वाकडी होते. आणि बरोबर आली की नाही हे सांगायला मागं कुणी नसतं.

मी लिहिलं, "बाही कोपरापर्यंत ठेवू की वर?"

तिकडून "लिहीत आहे" असं दिसायचं आणि बंद व्हायचं. मग आलं, "कोपरापर्यंत. हातावर केस आहेत."

"चालतंय. अस्तर मऊ घालते. टोचायचं नाही."

त्यानंतरच्या दुपारी तिनं हळूहळू सांगितलं. गाव जळकोटकडचं. घरी मुलगी बघणं चाललंय. मामांनी एक स्थळ आणलंय, होऊनच जाईल. लग्न झालं की पेज बंद करायचं. "लग्नानंतर एकाचा फोन दोघांचा होतो," असं लिहिलं तिनं. ते खरंच होतं, माझाही झालाय. पेज बंद करायच्या आधी तिला एकदा खरं ब्लाउज हवं होतं. चित्रातलं नको. "कुणीतरी मंजुश्रीला माप घेऊन शिवलेलं घालून बघावं. एकदा. कुणीतरी म्हणजे तुम्ही. नंतर पेटीत ठेवीन नाहीतर गोदावरीत सोडीन, पण एकदा." मला त्या न बघितलेल्या मुलीचाही विचार आला, मामांनी आणलेल्या स्थळाचा. तीही कुठंतरी दुपारी भांडी पालथी घालत असेल, कुणीतरी तिचंही माप काढत असेल पायाच्या अंगठ्यापासून. तिला काय मिळणार या सगळ्यात? मी तसं विचारलं. मंजुश्रीनं लिहिलं, "तेच. तिच्यासाठी तरी नको म्हणावं असं वाटतंय. पण नको का, ते सांगायला शब्द पाहिजे ना घरच्यांसमोर. जळकोटात तसा शब्द शिवीच हाय फक्त." शिवू उठली म्हणून फोन ठेवला, असं मी स्वतःला सांगितलं.

खण मी डाळिंबी निवडला. कापायला घेतला तेव्हा हात नेहमीच्या जागी वळू बघत होता. बायकांची पाठ कापायची हाताला सवय, कात्री आपणहून आत वळते. तिला बाहेर ठेवावं लागत होतं. पुढच्या भागात आतून मऊ कप शिवले, नवीन बाळंतिणीसाठी शिवते तसे, कुठं रुतू नयेत असे. टक्स कुठं घ्यायचे ते तिनं माझ्यावर सोडलं होतं. मी डोळे मिटून फोनमधली मंजुश्री आठवली, बिंदगं डोक्यावर घेऊन उभी, आणि खडूनं दोन ठिपके दिले. न बघितलेल्या अंगावर दिलेले ठिपके. पाठीवर बेलाची पानं काढली आणि तिसरं पान मुद्दाम वाकडं काढायला गेले, तर ते सरळच आलं. मुद्दाम केलं की होत नाही. आत्या जाता येता बघायच्या. "केवढं मोठं गं हे? अंगानं भरलेली हाय वाटतं. फोटूत तर काडी दिसती." मी म्हणाले, फोटोत दिसतं तसं. शिवून झालं तेव्हा मंजुश्री म्हणाली, कुरिअर करा. आणि मी माझं नेहमीचं वाक्य लिहून गेले, जे मी सगळ्यांनाच सांगते, "अंगावर बघितल्याशिवाय मी कुणाचंच देत नाही." जन्नतबींची शिस्त ती. "अंगपे देखे बगैर नक्को देव बेटी, कागदपे सब बराबर दिसता." माझ्याकडे औसा रोडच्या डॉक्टरीणबाईपासून सगळ्या येतात, आतल्या खोलीत पडद्यामागं घालून बघतात, मी टाचण्या लावते. वाक्य गेलं आणि मग मला कळलं, मी कुणाला काय लिहिलं ते. तिचं उत्तर आलं, "येते. बसमधून जसं येता येतं तशी येईन."

ती आली त्या दिवशी आत्या पुढच्या खोलीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. शिवू मशीनखाली चिंध्यांचं घर करून बसली होती. मंजू येणार म्हणून आत्यांनी सकाळीच नारळ काढून ठेवला होता, तांदूळ, एक खण. माहेरवाशिणीची ओटी भरायची म्हणून. सोबत जावई आलाच तर त्याला नवा टॉवेल आणि टोपी. फाटक वाजलं. दारात एक माणूस उभा होता. चेक्सचा शर्ट, बारीक मिशी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर प्रवासाचा घाम. मी त्या चेहऱ्यात मोठे डोळे शोधले. ते नव्हते. खरे डोळे लहान होते आणि इतके घाबरलेले की मीच माझी नजर खाली घेतली, आणि तेव्हा पाय दिसले. एक पाय किंचित मागं, टाच उचललेली, ज्वारीच्या रानात बिंदगं तोलताना असतो तसा. मग मला तिला ओळखता आलं.

"मंजुश्रीचं… ब्लाउज न्यायचं होतं," ती म्हणाली. आवाज जाड होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो माझ्या मनातल्या तिच्या आवाजावर बसत नव्हता. दोन आवाज एकमेकांशेजारी राहिले.

मी काही बोलायच्या आत आत्यांनी सूप बाजूला सारलं. "या, या, जावईबापू! बाहेर काऊन उभारलाव? आन् मंजू कुठाय? एकलंच आलाव?"

ती उंबऱ्यातच थबकली. माझ्याकडे बघितलं. आत्यांना तिच्या नवऱ्याचं काय काय सांगून ठेवलंय हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"तिला… जमलं न्हाई यायला."

"बरी हाय ना?"

"हाव. बरी हाय."

"आता बसा हितं, खुर्चीवर. पंखा लाव गं. लई गुणाची हाय तुमची मंडळी, बघा. मी बघती ना फोनमदी. नीट सांभाळताव का तिला? खरं सांगा. नांदेडचं लोक लई कडक म्हणतेत."

ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. बॅग मांडीवर घेतली, लेकरू घ्यावं तशी. "सांभाळून राहिलो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "जमंल तसं. पर लई जमत न्हाई."

"न्हाई जमलं तरी टाकू नका," आत्या म्हणाल्या. "लेकीची जात. जीव लावला की ऱ्हाती."

"न्हाई टाकणार," असं काहीसं ती म्हणाली. नीट ऐकू आलं नाही.

मी आत जाऊन पिशवी घेऊन आले. डाळिंबी खण वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. ती उठली आणि हात पुढं केला. किती सोपं होतं. पिशवी त्या हातात द्यायची, आत्यांनी ओटीचं सामान द्यायचं, एका नवऱ्यानं बायकोचं ब्लाउज घेऊन जायचं. गल्लीतल्या कुणाला काही दिसलं नसतं, आणि ती पाच वाजताच्या गाडीनं नांदेडला पोचून दार लावून, आरशापुढं एकटीनं हुक लावत बसली असती, मागं टाचणी धरायला कुणी नसताना. तिच्या हाताकडे मी बघितलं. तो घेण्यासाठी पुढं आला होता, पण बोटं मिटलेलीच होती. ती नांदेडहून पिशवी न्यायला आलेली नव्हती. आणि आतल्या खोलीत, पडद्यामागं, परक्या गड्याला नेणं या घरात होणार नव्हतं. आत्या समोर होत्या, दार उघडं होतं, शेजारची लक्ष्मीबाई ओट्यावर गहू वाळवत होती. मी पिशवी दिली नाही.

"अंगावर बघितल्याशिवाय मी देत नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला.

आत्या हसल्या. "अगं, पर ती आलीच न्हाई तर कुणाच्या अंगावर बघतीस? माझ्या?"

"यांच्या."

"कुणाच्या?"

"यांच्या. दोघांची चण एकच आहे आत्या. तिनंच सांगितलंय मला. यांना बसलं की तिला बसलं."

आत्या आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की डाळीचं सूप कलंडलं. "आगं माय! गड्याला चोळी! जावईबापू, पळा हो, ही पोरगी येडी हाय!" लक्ष्मीबाईनं बाहेरून विचारलं, काय झालं. "काय न्हाई, आमच्या घरी तमाशा चाललाय!" आत्या ओरडल्या. मंजुश्री मात्र पळाली नाही. तिनं बॅग खुर्चीवर ठेवली आणि शर्टाची गुंडी काढायला लागली. एक गुंडी तिला दोनदा सोडवावी लागली. आत बनियन होता, आणि बनियनवर, काळ्या दोऱ्यात, चांदीच्या करंड्यात लिंग. फोनमधल्या मंजुश्रीच्या गळ्यात होतं तसंच, त्याच उंचीवर. आमच्यात दीक्षा मुलालाही देतात आणि मुलीलाही, लिंग दोघांच्या गळ्यात एकच असतं; इतकी वर्षं बघत आलेली गोष्ट, पण त्या वेळी मी ती नव्यानं बघितली. चित्र काढताना तिला सगळं नव्यानं करावं लागलं असेल, नाक, केस, कंबर. एवढं एकच जसंच्या तसं ठेवता आलं असेल.

मी मागं उभी राहून बाह्या चढवल्या. मग पुढं आले आणि हुक लावायला लागले, खालून वर. असे हुक मी कितीजणींचे लावले असतील. पण हिचा श्वास थांबलेला होता. छाती दगडासारखी. मला सदफ आठवली, आणि मी हळूच म्हणाले, आत्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू, "श्वास सोडा मंजू. नाहीतर माप चुकतं." तिनं सोडला. खण बसला. कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही, मुंढ्यात हात फिरत होता, आणि ते दोन ठिपके जिथं दिले होते तिथंच होते. मी टाचण्या दातात धरून ठेवल्या होत्या. एकही लागली नाही. दाराजवळच्या छोट्या आरशात, जिथं अमरेश सकाळी भांग पाडतात, ती बघत नव्हती. मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे, खणाच्या काठाकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि बघितलं. फार वेळ नाही. तेवढ्यात त्या आरशात माझ्या ओळखीचं कुणीतरी आलं आणि उभं राहिलं.

आत्यांचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी वळून बघितलं तेव्हा त्या पदरानं डोळे पुसत होत्या, हसून आलेलं पाणी. पुसता पुसता हात थांबला. बऱ्या डोळ्यानं त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. जावयाला द्यायचा म्हणून पेटीतून काढलेला नवा टॉवेल ओटीच्या सामानाशेजारी होता, त्यावर टोपी. टोपी त्यांनी तिथंच ठेवली. टॉवेलची घडी मोडली आणि तो तिच्या डाव्या खांद्यावरून सोडला, पुढं छातीवरून नीट, पदर घेतात तसा, आणि एक निरी हातानं दाबून बसवली.

"बिनपदराचं बरं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मग, "आता दिसतंय मंजूवानी."

त्या काय समजल्या, काही समजल्या का, मला माहीत नाही. त्या दिवशी कळलं नाही आणि नंतर त्यांनी विषय काढला नाही. त्यांनी नारळ, तांदूळ, खण मंजुश्रीच्या त्याच टॉवेलच्या टोकात घातलं. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाजवळ नेलं, विभूतीच्या जागेपर्यंत, आणि हवेतच थांबवलं. मग कागदाच्या पुडीत कुंकू बांधून दिलं. "तिला लावा घरी गेल्यावर." मंजुश्री खाली वाकली आणि आत्यांच्या पायाला हात लावला. वाकताना टॉवेल घसरू नये म्हणून तिनं तो दुसऱ्या हातानं छातीशी धरला होता. तसं धरायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिनं हुक काढले, वरून खाली, सावकाश. ब्लाउज घडी करून माझ्या हातात दिलं, मी वर्तमानपत्रात गुंडाळलं, पिशवीत घातलं, नारळ घातला. शर्टाच्या गुंड्या आता पटापट लागल्या. बॅग खांद्याला गेली. "येतो," ती म्हणाली, त्या जाड आवाजात, आणि फाटकापाशी थांबून माझ्याकडे बघितलं, तिथं तिचा ओठ काहीतरी बोलल्यासारखा हलला. मी हात वर केला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, रिक्षाला हात केला, वळली. लक्ष्मीबाई म्हणाली, पाव्हणा चांगला होता गं, कोण होता? आत्या आत डाळ गोळा करत होत्या, दाणा दाणा. मी फाटक लावत होते. शिवू मशीनखालून निघून माझ्यामागं येऊन उभी होती, हातात डाळिंबी खणाची एक चिंधी. तिनं माझी साडी ओढली.

"आई, मंजुमावशीला घरी गेल्यावर तरी शर्ट काढू देतेत का गं?"